डॅव्हनपोर्टचे पामर घराणे

आमच्या गावी एक हाडवैद्य होते. बाजाराच्या दिवशी त्यांच्या ओसरीवर मुरगळलेले पाय, निखळलेले खांदे आणि धरलेल्या कमरा यांची रांग लागे. पैसे मागत नसत. कोणी नारळ ठेवी, कोणी पायलीभर ज्वारी. मुलगा एसटीत लागला. गावातल्या दोघा-तिघांनी शिकण्याची इच्छा दाखवली, पण ‘हे शिकवून येत नाही’ असे सांगून त्यांनी वाटेला लावले. ते गेले आणि त्यांच्या बोटांतली विद्याही गेली. एकाच्या हातातली कला त्याच्याबरोबर चितेवर जाते आणि दुसऱ्याच्या हातातली कला हजारोंचा व्यवसाय होते, हे कशामुळे घडते, हा प्रश्न माझ्या डोक्यात तेव्हापासून आहे. त्याचा माग काढताना मी अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, मिसिसिपी नदीकाठच्या डॅव्हनपोर्ट गावी पोहोचलो. म्हणजे कागदोपत्री पोहोचलो. पाऊल काही तिथे पडलेले नाही.

कायरोप्रॅक्टिक म्हणजे हातांनी मणक्यांवर विशिष्ट प्रकारे दाब देऊन उपचार करण्याची पद्धत. तिचा जनक डॅनियल डेव्हिड पामर. मराठी वाचकाला या आडनावाची गंमत वाटेल, पण स्वतःला पामर म्हणवून घेणाऱ्यांतला हा गृहस्थ मुळीच नव्हता. जन्म 1845 सालचा, कॅनडातला. अमेरिकेत आल्यावर त्याने शाळेत शिकवले, मधमाश्या पाळल्या, किराणा दुकान चालवले. पुढे अंगावरून हात फिरवून रोग बरे करणारा ‘मॅग्नेटिक हीलर’ म्हणून डॅव्हनपोर्टला त्याचा जम बसला. डॉक्टरकीची पदवी नव्हती. ग्रंथ मात्र भरपूर वाचलेले होते. औपचारिक पदवीविना संशोधन करणाऱ्या माझ्यासारख्याला या माणसाबद्दल थोडी आपुलकी वाटते, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचे वाचताना वाचकाने सावध राहावे.

सप्टेंबर 1895 मध्ये पामरच्याच इमारतीत साफसफाईचे काम करणारा हार्वे लिलार्ड त्याच्याकडे आला. तो कृष्णवर्णीय होता आणि सतरा वर्षे त्याला नीट ऐकू येत नव्हते. वाकून काम करताना पाठीत काही तरी सरकले आणि तेव्हापासून कान गेले, असे त्याचे म्हणणे. पामरने पाठीतला वर आलेला मणका दाबून बसवला आणि त्याला ऐकू येऊ लागले, अशी पामरची हकिकत आहे. लिलार्डच्या मुलीने पुढे ही हकिकत वेगळ्या तऱ्हेने सांगितली. शिवाय ऐकण्याची नस कण्यातून जातच नाही, हा डॉक्टरांचा आक्षेप अगदी रास्त आहे. पण पामरने त्या एका प्रसंगावरून सिद्धांत उभा केला : मणके जागचे हलले की नसांवर दाब येतो आणि बहुतेक सगळे रोग त्यातूनच उद्भवतात. आजचे वैद्यकशास्त्र हा सिद्धांत मानत नाही. कंबरदुखीसारख्या तक्रारींवर अशा दाबाचा बेताचा उपयोग होतो, एवढे ते मान्य करते. व्यवसायाला नाव मिळाले ते एका पाद्रीमित्राकडून. सॅम्युएल वीड यांनी ‘हात’ आणि ‘क्रिया’ या अर्थाचे दोन ग्रीक शब्द जोडून दिले.

आरंभी पामरही आमच्या हाडवैद्यांसारखाच होता. विद्या गुप्त ठेवायची, कोणाला दाखवायची नाही. मग त्याचे मन बदलले आणि 1897 च्या सुमारास त्याने शिकवायला सुरुवात केली. पहिले शिष्य मोजकेच होते. 1902 मध्ये उत्तीर्ण झालेल्यांत त्याचा स्वतःचा मुलगा बार्टलेट जोशुआ होता. जगाने त्याला बी. जे. म्हणून ओळखले.

बाप मुलाचा गुरू असणे आपल्याकडे नवे नाही. संगीतातली घराणी तशीच चालली. पण इथे दोघांत माया फारशी नव्हती. बाप मारकुटा होता, असे बी. जे.ने पुढे स्वतः लिहून ठेवले आहे. 1906 साली परवान्याविना वैद्यकी केल्याबद्दल थोरल्या पामरला शिक्षा झाली : दंड भरा, नाही तर 105 दिवस तुरुंगात बसा. तो बाणेदारपणे तुरुंगात गेला आणि 23 दिवसांनी दंड भरून बाहेर आला. बाहेर आल्यावर बाप-लेकांत हिशेब झाला आणि शाळा मुलाने विकत घेतली. किंमत दोन हजारांहून थोडे अधिक डॉलर, शिवाय बापाला काही पुस्तके आणि हाडांचे काही नमुने. गुरूने शिष्याकडून पैसे मोजून घेऊन गादी सोडल्याचे दुसरे उदाहरण मला तरी ठाऊक नाही. त्यानंतर थोरला पामर ओक्लाहोमात, ओरेगॉनमध्ये हिंडला, नव्या शाळा काढल्या, भागीदारांशी भांडला. 1910 साली त्याने सुमारे हजार पानांचा ग्रंथ छापला. त्यात शिष्यांच्या, आणि विशेषतः मुलाच्या, चुका काढण्यात पानेच्या पाने खर्ची पडली आहेत. 1913 मध्ये तो लॉस एंजेलिसला विषमज्वराने गेला.

बी. जे.कडे बापाची प्रतिभा नसेल, पण बापाला न जमलेली एक गोष्ट त्याला नेमकी कळली होती. विद्यार्थ्याला नुसते मणके दाबायला शिकवून भागत नाही. गावोगाव एकटा बसणारा हा माणूस, डॉक्टर त्याला भोंदू म्हणणार, पोलीस दारात येणार. तो टिकायचा तर आपण कशासाठी बसलो आहोत हे त्याला ठाऊक हवे. डॅव्हनपोर्टच्या शाळेत शरीरशास्त्राच्या बरोबरीने ‘तत्त्वज्ञान’ शिकवले जाई. शरीरात जन्मजात एक शहाणपण असते, ते नसांतून वाहते, आपण फक्त वाट मोकळी करायची. भिंतींवर जागोजागी सुविचार रंगवलेले असत. हसू येण्यासारखे आहे खरे. पण हे तत्त्वज्ञान नुसती भाबडी श्रद्धा नव्हती.

1907 साली विस्कॉन्सिनमधल्या ला क्रॉस गावी शेगातारो मोरिकुबो या जपानी कायरोप्रॅक्टरवर परवान्याविना ऑस्टिओपॅथी केल्याचा खटला चालला. ऑस्टिओपॅथी हीदेखील हाडांशी संबंधित, पण कायद्याने मान्यता मिळवलेली पद्धत. मोरिकुबोचे वकील टॉम मॉरिस यांनी बचाव मांडला की या दोन विद्यांचे तत्त्वज्ञानच वेगळे आहे; तेव्हा हा मनुष्य ऑस्टिओपॅथी करीतच नाही. मोरिकुबो सुटला. गमतीचा भाग असा की या बचावाला आधार झाला तो पामरपासून फुटलेल्या शिष्यांनी लिहिलेल्या पाठ्यपुस्तकाचा! तेव्हापासून तत्त्वज्ञान ही या व्यवसायाची कायदेशीर ढालही झाली. गुरूने दिलेले ध्येय आणि वकिलाने दिलेला युक्तिवाद यांत फरक करणे पुढे शिष्यांनाही अवघड गेले असावे, असा माझा कयास आहे.

ढाल असो वा श्रद्धा, तिने काम केले. मॉरिस यांच्या मदतीने बी. जे.ने उभारलेली संघटना सभासदांचे खटले लढवी. कॅलिफोर्नियात शेकडो कायरोप्रॅक्टर दंड न भरता तुरुंगात गेले, त्यांत स्त्रियाही होत्या. तुरुंगातही रुग्ण येत आणि तिथेच उपचार होत. अखेर 1922 मध्ये मतदारांनी कौल देऊन तिथे कायदा करून घेतला. आपल्याकडे असहकारात लोक तुरुंगात जात होते त्याच सुमाराला ही मंडळी आपल्या पोटाच्या धंद्यासाठी आत जात होती. दोन्हींची बरोबरी होणार नाही. पण नुसत्या पोटासाठी कोणी तुरुंग पत्करत नाही. दंड भरून दुसऱ्या गावी दुकान मांडता आले असते.

याच बी. जे.ने पुढे हे सगळे पणाला लावले. 1924 च्या ऑगस्टमध्ये शाळेच्या वार्षिक मेळाव्यात त्याने न्यूरोकॅलोमीटर नावाचे यंत्र पुढे आणले. पाठीच्या दोन्ही बाजूंचे तापमान ताडून कुठल्या मणक्यापाशी बिघाड आहे ते यंत्र दाखवते, असा दावा होता. यंत्र विकत मिळणार नव्हते, जबर भाड्यानेच घ्यायचे होते, आणि त्याच्याविना केलेले काम खरे कायरोप्रॅक्टिकच नव्हे, असे गुरू सांगू लागला. कालपर्यंत केवळ हातांच्या विद्येसाठी तुरुंगात गेलेल्यांना हे ऐकावे लागले. शाळेची पटसंख्या कोसळली. फर्थ, व्हेडर, ब्यूरिच, हेंड्रिक्स या जुन्या अध्यापकांनी शाळा सोडली आणि 1926 साली इंडियानापोलिसला लिंकन कॉलेज काढले. स्वतः उभारलेल्या संघटनेतूनही बी. जे.ला बाहेर पडावे लागले. यंत्र खरे की खोटे यावर वाद झाले, पण माझ्या मते फूट पडली ती भाड्यामुळे. गुरूने ध्येयाचे नाव घेऊन पावती फाडली, हे शिष्यांच्या लक्षात आले होते.

या पडझडीच्या एकच वर्ष आधी, 1923 मध्ये, क्लॅरन्स गॉनस्टेड नावाचा तरुण पामर शाळेतून बाहेर पडला. तारुण्यात संधिवाताने जखडला असता एका कायरोप्रॅक्टरच्या हाताने त्याला आराम पडला होता. तेवढ्यावरून तो या वाटेला लागला. विस्कॉन्सिनमधल्या माउंट होरेब या नॉर्वेजियन शेतकऱ्यांच्या खेड्यात तो बसला आणि पन्नासहून अधिक वर्षे तिथून हलला नाही. रात्री उशिरापर्यंत रुग्ण तपासणे हा त्याचा नेम. दोन हजारांच्या आतबाहेर वस्तीच्या गावात बाहेरगावचे इतके रुग्ण येऊ लागले की 1964 मध्ये नवे मोठे क्लिनिक बांधावे लागले, पुढे मुक्कामासाठी शेजारी मोटेल झाले, विमानाने येणाऱ्यांसाठी धावपट्टीसुद्धा झाली. आणि हो, तापमान ताडणारे यंत्र त्याच्याही हाती होतेच, त्याच न्यूरोकॅलोमीटरच्या कुळातले. म्हणजे यंत्राला नावे ठेवून गोष्ट संपत नाही.

गॉनस्टेडने कॉलेज काढले नाही. शिकायला येणारे कायरोप्रॅक्टर त्याच्या क्लिनिकातच जमत आणि तो रुग्ण तपासत असताना पाहत. मूलबाळ नव्हते. 1974 साली त्यानेही आपले क्लिनिक विकले, पण ते आपल्याच पद्धतीत तयार झालेल्या दोघा भावांना, आणि त्यानंतरही तो तिथे येत राहिला. 1978 मध्ये तो वारला. ते क्लिनिक माउंट होरेबमध्ये अजून चालू आहे.