‘देणे’ आणि ‘देऊन टाकणे’

रिसोड-मालेगावकडे पाडव्याच्या सुमारास चहाच्या टपरीवर बसले, की एक प्रश्न हमखास कानी पडतो: ‘वावर मक्त्यानं देल्लं, का इकून टाकलं?’ त्या ‘टाकलं’मध्ये परतीची वाट बुजते. वाशीमसह सगळे वऱ्हाड कधीकाळी अशाच दोन क्रियापदांमध्ये अडकले होते. फक्त ती इंग्रजी होती.

त्यासाठी आपण आधी १८०० सालात जाऊ. त्या वर्षी हैदराबादच्या निजाम अली खानाने बल्लारी-कडप्याकडचा मुलूख ईस्ट इंडिया कंपनीला दिला. तहातले क्रियापद होते ‘सीड’, म्हणजे देऊन टाकणे. मूळ लॅटिन अर्थ मागे सरणे, निघून जाणे. तो मुलूख ‘सीडेड डिस्ट्रिक्ट्स’ म्हणून ओळखला गेला आणि हैदराबादेच्या हातून सुटला तो सुटलाच. पुढे हैदराबादच्या कंटिन्जंट फौजेच्या खर्चापायी निजामावर इंग्रजांचे कर्ज तुंबले, तेव्हा गव्हर्नर जनरल डलहौसीला वऱ्हाडही कायमचे हवे होते. पण निजाम अलीचा नातू नासिरुद्दौला आजोबांच्या वाटेने जायला तयार होईना. अखेर २१ मे १८५३ च्या तहात शब्द आला ‘असाइन’. याच्या पोटात लॅटिन ‘सिग्नम’ आहे, म्हणजे खूण; खूण करून नेमून देणे. कारभार इंग्रजांनी पाहावा, वसुलातून फौज पोसावी, उरेल ते निजामाला द्यावे आणि हिशेब दाखवावा. मुलखाचे सरकारी नावच पडले ‘हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स’. पुढे त्यातलाच एक जिल्हा झाला बासीम, म्हणजे इंग्रजांच्या तोंडचे वाशीम.

नेमून दिलेले परत मागता येते, या एका धाग्याला धरून दिवाण सालारजंग हयातभर झगडला. १८७६ मध्ये विलायतेलाही जाऊन आला. हाती काही लागले नाही. १९०२ मध्ये व्हाइसरॉय कर्झनने निजाम मीर महबूब अली खानाकडून तिसरेच क्रियापद मान्य करून घेतले: ‘लीज’. वर्षाला २५ लाख रुपये, आणि मुदत कायमची! मक्ता आणि तोही कायमचा, हे आमच्याकडच्या कुठल्याही कास्तकाराला हसू आणणारे. १९०३ मध्ये वऱ्हाडाचा कारभार मध्य प्रांताला जोडला गेला आणि १९०५ मध्ये बासीम जिल्हाच मोडला. वाशीम-मंगरूळ अकोल्यात गेले, पुसद यवतमाळात. तरी १९३६ च्या करारात वऱ्हाडावरचे निजामाचे स्वामित्व पुन्हा लिहिले गेले आणि त्याच्या वारसाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब मिळाला.

१ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून निघून वाशीम पुन्हा जिल्हा झाला. टपरीवरच्या त्या प्रश्नाला अजून बहुधा एकच उत्तर येते: ‘मक्त्यानंच. सातबारा आपल्याच नावानं हाये.’