अमेरिकेतील स्पॅनिश मोहिमा : सोन्यामागचे करारपत्र

सोळाव्या शतकात अमेरिकेत उतरलेल्या स्पॅनिश साहसवीरांना राजाचे पगारी सैनिक समजण्याची चूक अनेकदा होते. वस्तुतः त्यांतील बहुतेकांना वेतन नव्हते. राजसत्ता परवाना, पदव्या आणि जिंकलेल्या मुलखाच्या कारभाराचा हक्क देई. जहाजे, घोडे, शस्त्रे व शिधा यांचा खर्च मोहिमेचा नायक आणि त्याचे भागीदार करीत. हाती लागलेल्या सोन्यारुप्याचा एक पंचमांश राजाचा. उरलेले हिश्श्यांनुसार वाटले जाई. त्यांची सुवर्णलालसा प्रसिद्धच आहे, परंतु तिला धार आली ती या व्यवस्थेमुळे.

१७ एप्रिल १४९२ रोजी सांता फे येथे झालेल्या करारान्वये आशियाच्या शोधात निघणाऱ्या कोलंबसला अॅडमिरल व व्हाइसरॉय ही पदे आणि लाभाचा दशांश देऊ करण्यात आला. त्या मोहिमेचा बराचसा खर्च दरबाराने केला होता. पुढे हा भार खासगी होत गेला. त्याच वर्षी जानेवारीत ग्रानादा पडले आणि इबेरियातील मुस्लिम राज्यांशी शतकानुशतके चाललेला संघर्ष संपला. धर्मकार्य, लूट आणि तलवारीच्या बळावर मिळणारी प्रतिष्ठा यांत विसंगती न मानणारी वृत्ती त्या युद्धांत घडली होती.

एर्नान कोर्तेस १५१९ मध्ये क्यूबाहून सुमारे पाचशे सैनिकांसह निघाला, तो गव्हर्नर वेलास्केसची आज्ञा मोडून आणि कर्ज काढून. रिकाम्या हाताने परतणे म्हणजे सावकार आणि तुरुंग. फ्रान्सिस्को पिझारो हा एका सरदाराचा अनौरस, निरक्षर पुत्र. स्पेनमध्ये त्याला फारसे भवितव्य नव्हते. १५३२ मध्ये काहामार्का येथे १६८ साथीदारांच्या बळावर त्याने इंका सम्राट आताहुआल्पाला कैद केले. खंडणी वसूल होऊनही सम्राटाला ठार मारण्यात आले. वाटणीत प्रत्येक घोडेस्वाराला सुमारे चाळीस किलो सोने मिळाले. उशिरा पोहोचलेल्या आल्माग्रोच्या माणसांना मात्र नाममात्र वाटा मिळाला. पुढील यादवीत आल्माग्रो आणि पिझारो दोघेही प्राणास मुकले. एर्नांदो दे सोतोने पेरूतील कमाई फ्लोरिडाच्या मोहिमेत घातली आणि १५४२ मध्ये मिसिसिपीकाठी तो मरण पावला.

धर्म हा केवळ बहाणा होता, असे म्हणणे अपुरे ठरेल. ‘एन्कोमिएन्दा’ पद्धतीत वसाहतकऱ्याला स्थानिकांचे श्रम आणि कर मिळत. त्याबदल्यात त्यांना ख्रिस्ती धर्माची शिकवण देण्याची जबाबदारी त्याच्यावर असे. श्रम घेतले गेले. शिकवणीकडे बहुधा दुर्लक्षच झाले. त्याविरुद्धचा पहिला मोठा आवाजही धर्मपीठावरूनच उठला. १५११ मध्ये हिस्पानिओला बेटावर आंतोनियो दे मोंतेसिनोस या धर्मोपदेशकाने वसाहतकऱ्यांची उघड निर्भर्त्सना केली. स्वतः एन्कोमिएन्दा भोगलेल्या बार्तोलोमे दे लास कासास यांनी पुढे ती सोडली आणि दरबारात दाद मागितली. १५४२ च्या नव्या कायद्यांनी या पद्धतीला आळा घालण्याचा प्रयत्न केला, तेव्हा पेरूतील वसाहतकरी गोन्सालो पिझारोच्या नेतृत्वाखाली राजसत्तेविरुद्धच उठले. कायदे अमलात आणण्यासाठी पाठविलेला व्हाइसरॉय ब्लास्को नुन्येस वेला १५४६ मध्ये त्यांच्याकडून मारला गेला.