पहिल्या नाटकाची प्रस्तावना : कालिदास, भवभूती आणि पद्मपूर

दोन प्रतिस्पर्धी कलावंतांच्या पहिल्या कृती शेजारी शेजारी मांडायच्या आणि पुढच्या आयुष्यात कोण कुठवर गेला याचा ताळा करायचा, हा रसिकांचा जुना छंद आहे. आमच्या विद्यार्थ्यांत आज तो बहुधा रॅप-संगीताच्या निमित्ताने चालतो. न्यूयॉर्कच्या नॅस याचा ‘इलमॅटिक’ हा पहिला अल्बम एप्रिल 1994 मध्ये आला तेव्हा तो अवघा वीस वर्षांचा होता. दहा तुकड्यांचा, चाळीस मिनिटांहून कमी लांबीचा हा अल्बम समीक्षकांनी डोक्यावर घेतला. जे-झी याचा ‘रीझनेबल डाउट’ जून 1996 मध्ये, त्याच्या स्वतःच्या भागीदारीतल्या कंपनीकडून निघाला. त्यातल्या एका गाण्यात नॅसचाच ध्वनिमुद्रित आवाज उचलून वापरला होता. पुढे 2001 मध्ये दोघांनी एकमेकांवर उघड गाणी रचली, 2005 मध्ये ते एका मंचावर आले, आणि नंतर जे-झी ज्या कंपनीचा प्रमुख होता तिच्याशीच नॅसने करार केला. धनाच्या आणि सत्तेच्या हिशेबात जे-झी कितीतरी पुढे गेला. नॅसच्या वाट्याला मात्र असे आले, की त्याची प्रत्येक नवी कृती त्याच्याच पहिल्या कृतीशी ताडून पाहिली जाऊ लागली. त्याला पहिला ग्रॅमी पुरस्कार मिळाला तो 2021 मध्ये, म्हणजे पदार्पणानंतर सत्तावीस वर्षांनी.

पहिली कृती आणि लांबचा पल्ला यांचे नाते काय, हा प्रश्न आम्हां गोंदियाकडच्या मंडळींना परका वाटत नाही. मुंबई-हावडा लोहमार्गावर गोंदियाच्या पुढे आमगाव लागते आणि आमगावजवळ पद्मपूर आहे. वा. वि. मिराशी यांनी भवभूतीचे जन्मस्थान म्हणून निश्चित केले ते हेच गाव. भवभूती आपल्या नाटकांच्या प्रस्तावनांत कुळाचा पत्ता तपशिलाने देतो : दक्षिणापथातले पद्मपूर, तैत्तिरीय शाखेचे काश्यपगोत्री ब्राह्मण, आजा भट्टगोपाल, पिता नीलकंठ, माता जातुकर्णी, स्वतःचे नाव श्रीकंठ. ‘मालतीमाधवा’च्या काही हस्तलिखितांत या पद्मपुराच्या आधी ‘विदर्भ’ हा शब्दही येतो. त्याला जोड म्हणून मिराशींनी दुर्गकडे सापडलेल्या एका अपूर्ण वाकाटक ताम्रपटाकडे बोट दाखवले, कारण तो पद्मपुराहून दिलेला आहे. या स्थाननिश्चितीवर वाद झाले, पण इतका एकसंध पुरावा दुसऱ्या कोणत्या गावाच्या बाजूने मांडला गेल्याचे आम्हांस दिसत नाही. 1 मे 1999 रोजी भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला तेव्हा भाताच्या गिरण्यांबरोबर हा आठव्या शतकातला नाटककारही आमच्या वाट्याला आला.

त्याचा प्रतिस्पर्धी म्हणून परंपरेने उभा केला तो कालिदास. इतिहासाच्या दृष्टीने ही जोडीच चुकीची. ऐहोळेच्या 634 सालच्या शिलालेखात कालिदासाचे नाव कीर्तिमान कवी म्हणून आलेले आहे आणि त्याचा काळ बहुतेक अभ्यासक गुप्तकाळात, चौथ्या-पाचव्या शतकात धरतात. भवभूती आठव्या शतकाच्या पूर्वार्धातला. कल्हणाच्या ‘राजतरंगिणी’प्रमाणे तो कनोजच्या यशोवर्म्याच्या पदरी होता. दोघांत तीनशे वर्षांचे अंतर. तरीही ‘भोजप्रबंधा’ने त्यांना एका दरबारात बसवले आणि लोकांनी ते आनंदाने मान्य केले. स्पर्धा कवींना हवी होती की नाही कोण जाणे, ऐकणाऱ्यांना ती निश्चित हवी होती.

आता पहिल्या कृतींकडे वळू. कालिदासाचे पहिले नाटक ‘मालविकाग्निमित्र’. त्याच्या प्रस्तावनेत सूत्रधाराचा साहाय्यक विचारतो, की भास, सौमिल्ल, कविपुत्र यांच्यासारख्या नावाजलेल्यांना सोडून या हयात कवीचे नाटक कशासाठी? सूत्रधाराचे उत्तर मोठे समंजस आहे : जुने म्हणून चांगले आणि नवे म्हणून वाईट असे नसते, जाणते पारखून घेतात. नवा कवी इथे वडीलधाऱ्यांसमोर हात जोडून, पण मान ताठ ठेवून उभा आहे. काळाची गंमत अशी, की ज्यांच्या नावांनी तो दबून जायचा त्यांपैकी सौमिल्लाचे नाटक आज हाती नाही, आणि भासाच्या नावावर मोडणारी नाटके विसाव्या शतकाच्या आरंभी गणपतिशास्त्री यांना त्रावणकोरात सापडेपर्यंत विस्मृतीतच होती.

या पहिल्याच नाटकात कालिदासाने कलावंतांची स्पर्धा रंगवली आहे, याकडे विद्यार्थ्यांचे लक्ष सहसा जात नाही. गणदास आणि हरदत्त हे दोन नाट्याचार्य श्रेष्ठ कोण म्हणून भांडतात, परिव्राजिका कौशिकी परीक्षक होते, आणि शिष्यांच्या प्रयोगावरून गुरूची परीक्षा ठरते. गणदासाची शिष्या मालविका नाचते. हरदत्ताची पाळी येते तेव्हा वैतालिक मध्यान्ह झाल्याचे पुकारतो, भोजनाची वेळ टळू नये म्हणून सभा उठते, आणि त्याचा प्रयोग होतच नाही. राजाला मालविका पाहायची होती, ती पाहून झाली. निकाल गुणांवर लागतो अशी भाबडी समजूत या कवीची पहिल्या नाटकाच्या वेळीही नव्हती! आम्हांला तर या दोन आचार्यांच्या प्रसंगापुढे अग्निमित्राचा शृंगार फिकाच वाटतो. नायिका मालविका विदर्भाची राजकन्या आणि नाटकाच्या शेवटी वरदा, म्हणजे आपली वर्धा नदी, सीमा धरून विदर्भाची वाटणी होते, हे आमच्या प्रांताभिमानासाठी येथे नोंदवून ठेवतो. विल्सनसारख्या पंडिताला मात्र हे नाटक इतके सामान्य वाटले, की ते कालिदासाचेच का, अशी शंका त्याने घेतली. ती शंका पुढे वेबरने खोडून काढली.

भवभूतीची पहिली कृती बहुतेकांच्या मते ‘महावीरचरित’. रामाच्या विवाहापासून राज्याभिषेकापर्यंतची कथा सात अंकांत. यात त्याने केलेले धाडस आजही चकित करते. रावणाचा मंत्री माल्यवान याला त्याने कथेचा सूत्रचालक केले. रामाचा वनवास हा कैकेयीच्या मत्सरातून न उद्भवता माल्यवानाच्या कारस्थानातून उद्भवतो आणि मंथरेच्या रूपात शूर्पणखा येते. वाली रावणाच्या पक्षाकडून समोरासमोर लढतो, त्यामुळे झाडाआडून बाण मारल्याचा डागही पुसला जातो. रामायणाची राजनीती करून दाखवणारा हा तरुण कवी बुद्धीने अफाट आहे, पण माणसे मात्र लांबलचक बोलतात आणि घडामोडी पुष्कळदा पडद्यामागेच राहतात. पाचव्या अंकाच्या मध्यानंतरचा मजकूर हस्तलिखितांत एकसारखा नाही, तो इतरांनी पुरवलेला आहे. कवीने नाटक अर्धे सोडले की उरलेले हरवले, यावर विद्वानांचे एकमत नाही. एवढे खरे, की पदार्पणाची ही कृती आपल्या हाती धड पूर्णही येत नाही.

त्यानंतरचे ‘मालतीमाधव’. या नाटकाचा नायक माधव विदर्भाच्या मंत्र्याचा मुलगा, न्यायशास्त्र शिकण्यासाठी पद्मावती नगरीला पाठवलेला. घर सोडून दूर शिकायला गेलेला विदर्भातला मुलगा रंगवताना कवीने आरशात पाहिले नसेल असे म्हणवत नाही. दहा अंकांचे हे प्रकरण पाचव्या अंकात स्मशानात शिरते, कापालिक अघोरघंट बळी द्यायला निघतो. बीभत्स आणि भयानक यांना इतकी मोकळी जागा देणे कालिदासाच्या स्वभावातच नव्हते. पण आम्हांला इथे महत्त्वाची वाटते ती प्रस्तावना. आपली अवहेलना करणाऱ्यांना कवी सरळ सांगतो, की हा खटाटोप तुमच्यासाठी नव्हेच. काळाला अंत नाही आणि पृथ्वी विशाल आहे, तेव्हा आपल्या जातीचा कोणी तरी कुठे तरी असेल किंवा पुढे जन्मेल. कालिदासाने पारख समोर बसलेल्या जाणत्यांवर सोपवली होती. भवभूतीने समोरची सभाच नाकारली आणि खटला भविष्याच्या कोर्टात नेला. ‘महावीरचरिता’चे स्वागत कसे झाले असावे, याचा याहून चांगला पुरावा कोठे मिळणार? प्रतिस्पर्ध्यांना नाव न घेता झोडपणारी आजची गाणी ज्यांना नवलाची वाटतात त्यांनी ही प्रस्तावना एकदा मुळातून वाचावी.

ही नाटके राजसभेत न होता कालप्रियनाथाच्या यात्रेत होत, असे प्रस्तावनाच सांगतात, आणि त्यांत कोणा राजाचे नाव नाही. नटांशी आपली निसर्गतःच मैत्री आहे असेही कवी म्हणतो. झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, रात्रभर दंडार आणि खडी गंमत चालते. ते पाहत वाढलेल्या आमच्यासारख्यांना यात्रेतला नाटककार ही कल्पना सहज पटते. मात्र यात्रेतल्या नाटककाराने विदूषक ठेवू नये हे अजब. गौतम, माणवक आणि माधव्य हे तीन विदूषक कालिदासाला तिन्ही नाटकांत सांभाळून नेतात. भवभूतीच्या तिन्ही नाटकांत एकही नाही.

तिसरे नाटक ‘उत्तररामचरित’. पहिल्या नाटकात जिथे कथा संपत होती तिथूनच हे सुरू होते. एका अर्थाने भवभूती आपल्या अपयशाच्या जागी परत आला. या वेळी माल्यवान नाही, कारस्थान नाही. चित्रे पाहता पाहता जुन्या दिवसांत हरवलेले राम-सीता, मग त्याग, मग बारा वर्षांनी पंचवटीत आलेला राम आणि त्याच्या शेजारी असूनही त्याला न दिसणारी सीता. तिसऱ्या अंकात घडत असे काहीच नाही, आणि संस्कृत रंगभूमीवर करुणाचे इतके भरलेले दुसरे पान आम्हांला ठाऊक नाही. ‘महावीरचरिता’तले लांब बोलणे इथेही आहे, पण आता ते दुःखाचे बोलणे आहे, म्हणून लांबी खुपत नाही. सातव्या अंकात वाल्मीकी नाटकातच नाटक करवतो आणि राम प्रेक्षकांत बसून आपल्याच अपराधाचा प्रयोग पाहतो. या नाटकापुरता भवभूती वरचढ, असा कौल जुन्या पंडितांनीही दिला.

कवी म्हणून दोघांचा प्रवास असा समांतर आहे. कालिदासही ‘मालविकाग्निमित्रा’तल्या अंतःपुरातून निघून ‘शाकुंतला’तल्या तपोवनापर्यंत पोचलाच. मग कीर्तीत एवढे अंतर का? आमच्या मते त्याचे उत्तर पहिल्या कृतींत मुळीच नाही. विल्यम जोन्सने 1789 मध्ये ‘शाकुंतल’ इंग्रजीत नेले, गटेने त्याची स्तुती केली, आणि युरोपला भारतीय नाटक म्हणजे ‘शाकुंतल’ हे एकदाचे ठरून गेले. भवभूतीची दोन नाटके विल्सनने भाषांतरली तोवर चार दशके उलटत आली होती. मराठीतही तेच. परशुरामतात्या गोडबोले यांनी ‘उत्तररामचरिता’चे आणि कृष्णशास्त्री राजवाडे यांनी ‘मालतीमाधवा’चे मराठी रूप एकोणिसाव्या शतकाच्या मध्यासच सिद्ध केले होते. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘संस्कृत कविपंचका’त भवभूतीला मानाने बसवले, रा. गो. भांडारकरांनी 1876 मध्ये ‘मालतीमाधव’ संपादिले, काण्यांनी आणि बेलवलकरांनी ‘उत्तररामचरिता’वर परिश्रम घेतले. पण 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्यात किर्लोस्करांनी रंगमंचावर आणले ते ‘शाकुंतल’. पंडित भवभूतीकडे राहिले, पदे आणि प्रेक्षक कालिदासाकडे गेले.

विदर्भातही चित्र निराळे नाही. रामटेकला मेघदूताचा रामगिरी मानला गेला आणि 1997 मध्ये तिथे कविकुलगुरूंच्या नावाचे विद्यापीठ उभे राहिले. पाहुणा म्हणून आलेल्या कवीला विद्यापीठ, घरच्या कवीच्या नावे आमगावात महाविद्यालय! आम्ही हे तक्रार म्हणून लिहीत नाही, पण पद्मपूरला गेल्यावर हे मनात आल्यावाचून राहत नाही.

भविष्यावर टाकलेला डाव मात्र अगदीच वाया गेला नाही. वाक्पतिराजाने ‘गउडवहो’त आपल्या काव्याचे ऋण भवभूतीरूपी समुद्राशी जोडले. क्षेमेंद्राने त्याच्या शिखरिणीची वाखाणणी केली. आणि दीडशे-दोनशे वर्षांनी, त्याच कनोजात, महाराष्ट्राशी कुळाचे नाते सांगणारा राजशेखर उभा राहिला आणि वाल्मीकी, भर्तृमेंठ, भवभूती यांच्या मागोमाग जन्मलेला तोच कवी आपण, असे त्याने जाहीर केले. आपल्या जातीचा कोणी तरी जन्मेल असे जो म्हणाला, त्याला हा पहिला जबाब.

राहता राहिली ती दंतकथा. भवभूतीने ‘उत्तररामचरित’ कालिदासाकडे वाचायला पाठवले. कालिदास सोंगट्या खेळत होता. खेळता खेळता त्याने सगळे नाटक ऐकून घेतले आणि उत्तम म्हणून पावती दिली, फक्त पहिल्या अंकातल्या एका श्लोकात एक अनुस्वार जास्त आहे म्हणाला. ‘एवं’ होते तिथे ‘एव’ करायचे. राम-सीतेच्या गप्पांत रात्र अशी सरली, याऐवजी रात्र तेवढी सरली, गप्पा सरल्या नाहीत, असा अर्थ होतो. सुधारणा खरोखरच सुंदर आहे. पण कथेतला भवभूती काही न बोलता तो अनुस्वार खोडून टाकतो, आणि ‘मालतीमाधवा’ची प्रस्तावना लिहिणारा माणूस तो हाच, हे पटवून घेणे आम्हांला जरा जड जाते.