वळचण, अंगण आणि बाग

कवितेच्या पाठ्यपुस्तकात कठीण शब्दांचे अर्थ पानाच्या तळाशी दिलेले असतात. त्यांत एखाद्या पाखराचे नाव आले की पुढे बहुधा 'एक पक्षी' एवढेच छापलेले असते. हा अर्थ चूक नसतो, पण त्याने काही कळतही नाही. ते पाखरू कोठे राहते, कोणत्या ऋतूत येते, कवीच्या घराशी त्याचे नाते काय, हे सारे त्या दोन शब्दांखाली गाडले जाते. आम्ही विद्यार्थी असताना ही टीप निमूटपणे उतरवून घेतली, आणि शिकवू लागल्यावर तितक्याच निमूटपणे उतरवून दिली, हे येथे कबूल केले पाहिजे.

ही अडचण मनावर घेणारे एक विद्वान स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर होऊन गेले. डार्सी वेंटवर्थ थॉम्प्सन (१८६०–१९४८) हे डंडी येथे आणि पुढे सेंट अँड्र्यूज येथे प्राणिशास्त्राचे प्राध्यापक होते. प्राचीन ग्रीक वाङ्मयातील पक्ष्यांच्या नावांचा त्यांचा कोश १८९५ साली निघाला. ग्रीक माशांच्या नावांचा कोश १९४७ साली, मृत्यूच्या आदल्या वर्षी. या दोन कोशांमधल्या बावन्न वर्षांत त्यांनी स्कॉटलंडच्या मत्स्यव्यवसाय मंडळावर दीर्घकाळ काम केले. शब्द, मासा आणि पाखरू या तिन्ही गोष्टी एकाच माणसाच्या टेबलावर होत्या. आज त्या तिघांची फारकत झाली आहे. मासा संग्रहालयात, शब्द कोशात आणि पाखरू निरीक्षकाच्या वहीत गेले आहे. ही फारकत कशी झाली, याचा इतिहास थॉम्प्सन यांच्याच किनाऱ्यावरील मच्छीमारांच्या गावांत वाचता येतो, आणि तो वाचण्यासाठी उन्हाळ्यात घराभोवती दिसणाऱ्या पाखरांइतके चांगले साधन नाही, असे आम्हांला वाटते.

मराठीत घराभोवतीच्या जागेसाठी तीन वेगवेगळे शब्द आहेत. वळचण ही छपराच्या कडेखालची जागा. ती कोणी मुद्दाम करीत नाही, छपराबरोबर ती आपोआप होते. अंगण ही कामाची जागा. बाग मात्र प्रामुख्याने डोळ्यांच्या सुखासाठी असते. हे तीन शब्द हाती धरून त्या गावांकडे पाहू.

ॲबरडीन बंदराच्या मुखाशी फुटडी नावाची वस्ती आहे. स्थानिक उच्चारात 'फिटी'. १८०९ साली जॉन स्मिथ यांनी तिची आखणी केली. बुटकी घरे चौकाभोवती रांगेने बांधलेली, सर्वांची तोंडे आतल्या चौकाकडे, पाठ समुद्राकडे. ज्यांना दिवसभर समुद्राशी झुंजायचे त्यांना खिडकीतून तो पाहण्याची हौस नव्हती. चौकात घरांसमोर सामानाची खोपटी उभी राहिली, काही तर वाहत आलेल्या लाकडांची. त्यांना डांबरी खोपटी म्हणत. दक्षिणेला फाइफ परगण्यातील क्रेल, ॲन्स्ट्रदर, पिटनवीम, सेंट मोनन्स या गावांतली घरे उंच. त्यांवर तांबडी पन्हाळी कौले, बाहेरच्या अंगाने दगडी जिना, तळाशी सामानाची खोली आणि कौलांखालच्या माळ्यावर जाळी. त्यांच्या त्रिकोणी भिंतींच्या कडा पायऱ्यापायऱ्यांच्या असतात. त्या पायऱ्यांना स्कॉट बोलीत 'कॉर्बी'च्या पायऱ्या म्हणतात. कॉर्बी म्हणजे कावळा. माणसाच्या उपयोगाची नसलेली ही पायरी बोलीने पाखराच्या नावे करून टाकली.

या घरांपुढे होते ते अंगण, बाग नव्हे. गळांच्या दोरीला अनेकदा हजाराहून अधिक गळ असत, आणि समुद्रावर जाण्यापूर्वी त्या प्रत्येकाला आमिष लावावे लागे. शिंपले फोडून आतले मांस गळाला लावण्याचे हे काम बायका आणि मुले करीत. शिंपल्यांचे ढीग, वाळत घातलेली जाळी, डांबराचा वास, माशांची आतडी आणि त्यांवर तुटून पडणारे कुरव असे ते अंगण होते. चिमण्या, साळुंकीच्या कुळातले स्टारलिंग, भिंगऱ्या आणि पाकोळ्या ही त्या घरांची पाखरे. ती कोणी बोलावलेली नव्हती आणि कोणी हाकलतही नव्हते. कौल सरकलेले असे, भिंतीत फट असे, आणि त्या फटीत पाखरू असे. गरिबीने न बुजवलेली ती जागा होती.

पाकोळीचा विचार थोडा अधिक करावा लागेल. आफ्रिकेतून ती मे महिन्यात स्कॉटलंडला पोहोचते आणि ऑगस्टमध्ये परत निघते. खाणे, पिणे, झोपणे सारे उडतानाच. जमिनीशी तिचा संबंध जवळजवळ नाही, आणि घराशी संबंध येतो तो केवळ अंड्यांपुरता. तोही दरवर्षी त्याच छपराखाली, त्याच भोकात. म्हणजे वर्षातील तीन महिने तिचा पत्ता हे एक विशिष्ट कौल असते.

हेच तीन महिने त्या किनाऱ्यावर हेरिंग माशाच्या हंगामाचेही होते. १९०७ साली स्कॉटलंडमध्ये सुमारे २५ लाख पिंपे हेरिंग खारवले गेले. त्यातील बहुतेक माल जर्मनी, पूर्व युरोप आणि रशिया येथे जाई. हा सगळा डोलारा बायकांच्या हातांवर उभा होता. तिघींची एक टोळी असे. दोघी माशांची आतडी काढीत आणि तिसरी पिंपात मासा आणि मीठ यांचे थर लावी. सराईत बाई मिनिटाला पन्नास-साठ मासे साफ करी. सुरीने कापू नये आणि मिठाने चरचरू नये म्हणून बोटांना फडक्याच्या चिंध्या बांधलेल्या असत. उन्हाळ्याच्या आरंभी शेटलंड, मग ईशान्य किनारा, आणि शरद ऋतूत थेट इंग्लंडमधील यार्मथ व लोस्टॉफ्ट अशी माशांमागून त्यांची फिरती चाले. लाकडी पेटीत कपडे आणि विणकाम घेऊन त्या आगगाडीने जात. १९३० च्या दशकात यार्मथ येथे मजुरीसाठी त्यांनी संपही केले. आज संग्रहालयातील चित्रांत त्या नेहमी हसऱ्या दिसतात. पाकोळीप्रमाणे त्याही ऋतूंबरोबर ये-जा करीत असे म्हणण्याचा मोह आम्हांलाही झाला, पण तो आवरला पाहिजे. पाकोळीला कोणी पिंपामागे पैसे मोजून देत नव्हते.

या गतकाळाकडे हळव्या डोळ्यांनी पाहणाऱ्याने आयमथ गावची तारीख विसरू नये. १४ ऑक्टोबर १८८१ रोजी आलेल्या वादळात बर्विकशरच्या किनाऱ्यावर आणि आसपास १८९ मच्छीमार बुडाले. त्यांतले १२९ एकट्या आयमथचे होते. काही नावा तर धक्क्यावर उभ्या असलेल्या बायकामुलांच्या डोळ्यांदेखत फुटल्या. फ्रेझरबर्गजवळील ब्रॉडसी येथील क्रिस्टियन वॉट (१८३३–१९२३) या मच्छीमार बाईने नवरा आणि मुलगे समुद्रात गमावले. मन खचल्यावर ती ॲबरडीनच्या वेड्यांच्या इस्पितळात गेली आणि उरलेले दीर्घ आयुष्य तेथेच काढून तिने आपल्या आठवणी लिहिल्या. त्या पुस्तकरूपाने निघाल्या १९८३ साली, म्हणजे तिच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी. नील गन यांच्या 'द सिल्व्हर डार्लिंग्ज' (१९४१) या कादंबरीतील कॅट्रिन समुद्राला भिते आणि मुलाला त्यापासून दूर ठेवू पाहते. तिची भीती हा कादंबरीचा अलंकार नाही, त्या किनाऱ्यावरच्या कोणत्याही घरातला तो रोजचा अनुभव होता.

मग या जगाचा वारसा झाला कधी? आमच्या मते त्याची सुरुवात अस्तापूर्वीच झाली होती. डेव्हिड ऑक्टेव्हियस हिल आणि रॉबर्ट ॲडमसन यांनी १८४० च्या दशकात एडिंबराजवळील न्यूहेवनच्या मच्छीमारांची छायाचित्रे काढली. छायाचित्रणकलेच्या इतिहासात त्यांचे स्थान मोठे आहे. पण त्या काळी प्रतिमा उमटण्यास कित्येक सेकंद लागत. माणसांना टेकून, स्तब्ध उभे राहावे लागे. जे हलेल ते पुसट होई किंवा उमटतच नसे. त्या चित्रांत टोपल्या आहेत, पट्ट्यापट्ट्यांचे घागरे आहेत, नावेला टेकलेले पुरुष आहेत. उडते पाखरू त्यांत येणे शक्यच नव्हते. वारशाचे पुढील सगळे शास्त्र या चित्रांत बीजरूपाने दिसते: जे स्थिर राहील ते टिकेल.

पहिल्या महायुद्धाने जर्मनी आणि रशियाची बाजारपेठ मोडली. त्यातून हा धंदा पुन्हा पूर्वीसारखा उभा राहिला नाही. १९७७ साली तर उत्तर समुद्रातील हेरिंग इतके घटले की मासेमारीवर बंदी घालावी लागली. दरम्यान रिकाम्या पडू लागलेल्या घरांसाठी नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंड या संस्थेने १९६० साली 'छोट्या घरां'ची योजना हाती घेतली. पडीक घर विकत घ्यावे, दुरुस्त करावे, जपणुकीच्या अटी घालून विकावे आणि त्या पैशांत पुढचे घर घ्यावे, अशी ती योजना. फाइफच्या किनाऱ्याचे आजचे रूप बरेचसे तिच्यामुळे उरले, याबद्दल कृतज्ञच राहिले पाहिजे. १९६९ साली ॲन्स्ट्रदर येथे स्कॉटिश मत्स्यव्यवसाय संग्रहालय उघडले. १९०२ साली बांधलेली 'रीपर' ही शिडाची नाव त्याच संग्रहालयाने जपली आहे.

कौले बसली, फटी बुजल्या, भिंतींना रंग आला. अंगणातली जाळी गेली आणि तेथे कुंड्या आल्या; जाळ्यांचा माळा झोपण्याची खोली झाला; फुटडीच्या डांबरी खोपट्यांची उन्हाळी बैठकीची दालने झाली. कितीतरी घरे सुट्टीपुरती उघडतात. अशा रीतीने अंगणाची बाग झाली, आणि बागेत दाण्यांच्या पिंजऱ्यावर रॉबिन, फिंच, ब्लॅकबर्ड येऊ लागले. त्यांच्याशी आमचे भांडण नाही. पण बागेच्या पाखराला आमंत्रण असते. वळचणीच्या पाखराला कधीच नव्हते. ब्रिटनमधील चिंताजनक पक्ष्यांच्या तांबड्या यादीत चिमणी आणि स्टारलिंग २००२ साली गेले, हेरिंग कुरव २००९ साली, आणि २०२१ साली पाकोळी व तिच्यासारखीच वळचणीला घरटे बांधणारी पांढऱ्या कमरेची भिंगरी. पाकोळ्यांची संख्या १९९५ नंतरच्या पाव शतकात निम्म्याहून अधिक घटली. कीटक कमी झाले हे एक कारण सांगतात. छपरे नीट झाली हे दुसरे. कुरवाची गोष्ट तर विलक्षणच. ज्याच्या नावातच हेरिंग आहे तो धक्का सोडून शहरांच्या छपरांवर अंडी घालू लागला, आणि आता लोक त्याच्याविरुद्ध तक्रारी करतात.

शब्दांचे काय झाले? स्कॉट बोलीत स्टारलिंग म्हणजे 'स्टकी', चिमणी म्हणजे 'स्प्युग', पफिन म्हणजे 'टॅमी नॉरी'. समुद्रावर असताना सामन माशाचे नाव घेणे अशुभ, म्हणून त्याला 'तांबडा मासा' म्हणत. हे धन 'स्कॉटिश नॅशनल डिक्शनरी'ने १९३१ ते १९७६ या काळात दहा खंडांत साठवले. त्याचे दुसरे संपादक डेव्हिड म्युरिसन यांचा जन्म फ्रेझरबर्गचा, मच्छीमारांच्याच गावचा. तरी कोश जपतो तो शब्द, बोलणारा नव्हे. क्रोमार्टी गावच्या मच्छीमारांची बोली अस्खलित बोलणारा शेवटचा माणूस २०१२ साली वारला. त्याचे शब्द नोंदले गेले आहेत. त्या शब्दांनी त्याला उत्तर देणारे कोणी उरले नव्हते.

याच किनाऱ्यावरच्या दोन बायकांची आठवण येथे अपरिहार्य आहे. फाइफमधील लार्गो गावाच्या परिसरातील एव्हलिन बॅक्स्टर आणि लिओनोरा रिंटूल १९०७ पासून ॲन्स्ट्रदरसमोरच्या मे बेटावर जाऊन स्थलांतरी पाखरांच्या नोंदी करू लागल्या. त्यांच्यामागून त्याच बेटावर १९३४ साली स्कॉटलंडमधले पहिले पक्षिनिरीक्षण केंद्र उभे राहिले, आणि १९५३ साली त्या दोघींचा 'द बर्ड्ज ऑफ स्कॉटलंड' हा ग्रंथ निघाला. त्या जपत होत्या ते येणे-जाणे: कोणते पाखरू, कोणत्या दिवशी, कोणत्या वाऱ्यावर. स्थिर नसलेल्या गोष्टीचाही वारसा होऊ शकतो, एवढे त्यांच्या वह्या नक्की सिद्ध करतात.

आमचे म्हणणे घरे पडू द्यावीत असे नाही, आणि आतडी काढणाऱ्या बायकांचे ते दिवस परत यावेत असे तर मुळीच नाही. म्हणणे इतकेच, की दुरुस्ती करताना आपण काय बुजवतो हे पाहावे. हे वाङ्मयालाही लागू आहे. जुन्या संहितेची आवृत्ती काढताना आम्ही शुद्धलेखन सारखे करतो, बोलीतले रूप प्रमाण करतो, न कळलेल्या नावापुढे 'एक पक्षी' लिहितो. पान स्वच्छ होते आणि फट बुजते. अलीकडे घरे बांधताना पाकोळ्यांसाठी एक पोकळ वीट भिंतीत बसवता येते. बाहेरून तिचे फक्त बोटभर रुंदीचे भोक दिसते. संपादकाला आणि शिक्षकाला अशी वीट कोठे बसवता येईल, याचा विचार आम्ही सध्या करीत आहोत. निदान पुढच्या वर्गात पाखराचे नाव आले, तर टीप फळ्यावर लिहिण्याआधी ते कोणाच्या वळचणीला राहत होते, एवढे तरी विचारू.