हा जियांगची बाइक ट्रिप: आपलं इंटरनॅशनल परमिट तिथे चालतं का?
रील्समध्ये दिसणारा तो डोंगराच्या कडेने जाणारा रस्ता आणि खोल खाली हिरवी नदी म्हणजे व्हिएतनामच्या उत्तर टोकाचं हा जियांग. हनोईहून बसने साधारण 300 किलोमीटर, सहा-सात तास. तिथून चीनच्या सीमेलगतच्या खेड्यांमधून सुमारे 350 किलोमीटरचा फेरा. बहुतेक जण तो बाइकवर तीन-चार दिवसांत करतात.

गोची आहे ती परवान्याची. आपलं आरटीओ जे इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट देतं, ते 1949च्या जिनिव्हा करारानुसार असतं. व्हिएतनाम मानतं 1968च्या व्हिएन्ना करारानुसारचं. म्हणजे खिशात परमिट असूनही भाड्याच्या नेहमीच्या बाइकवर तुम्ही विनापरवानाच ठरता. बाइक देणारा अनेकदा काही विचारतही नाही. अपघात झाला की विमा कंपनी मात्र विचारते, आणि क्लेम नाकारला गेला तर हॉस्पिटलचं बिल तुमच्याच खिशातून जातं. पोलिसांचा दंड त्यापुढे किरकोळ.

मग जायचंच नाही का? जा, पण मागच्या सीटवर बसून. तिथे ‘इझी रायडर’ मिळतात: बाइक स्थानिक माणूस चालवतो, तुम्ही मागे. खर्च वाढतो. पण मा पी लेंग खिंडीत नजर रस्त्यावर ठेवायची नसते, हा फायदाच म्हणायचा. रविवारी डोंग वानला असाल तर सकाळचा बाजार चुकवू नका.

शाकाहारी असाल तर ‘अन चाय’ हे दोन शब्द पाठ करून ठेवा. आणि जुलै 2025पासून हा जियांग प्रांत तुयेन क्वांगमध्ये विलीन झालाय, त्यामुळे नकाशावर नाव वेगळं दिसलं तर गोंधळू नका.