जीप डिझेल झाली, तो काळ

1973च्या ऑक्टोबरात अरब देशांनी तेलाची कोंडी केली, काही महिन्यांत कच्च्या तेलाचा भाव चौपट झाला आणि त्याचा धक्का कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरापर्यंत येऊन पोचला. माझ्या वडिलांचं, अण्णांचं, तिथे लेथचं दुकान होतं. आजूबाजूला फाउंड्र्या, पॅटर्नवाले, उसाच्या चरकाला आणि विहिरीच्या पंपाला लागणारी ऑइल इंजिनं बनवणारे कारागीर. या मंडळींकडे पुढच्या काही वर्षांत एक नवं काम येऊ लागलं. लोक पेट्रोलची जीप घेऊन यायचे आणि सांगायचे, हिच्यात डिझेल बसवा. लिटरला सात-आठ किलोमीटर देणारी गाडी बागायतदाराला परवडेना, ठेकेदारालाही परवडेना.

जुन्या गाड्यांत फेरफार करून डोंगरात जाण्याचा छंद आता आपल्याकडे चांगला रुजला आहे. मला त्याचा आनंदच आहे, कारण अण्णांनी डिझेल केलेली सीजे-3बी जीप मी आजही चालवते आणि आयटीआयमध्ये मेकॅनिक डिझेलच्या मुलांना शिकवते. पण या छंदाचा इतिहास सांगताना लोक अमेरिकेपासून सुरुवात करतात आणि एकदम 2010च्या थारवर येतात. मधली तीस-पस्तीस वर्षं गळून जातात. जीप उघडायची कशी आणि बदलायची कशी, हे आपल्या कारागिरांनी त्याच वर्षांत शिकून घेतलं. छंदवाले आज ज्या ज्ञानावर चालतात, ते तिथलं आहे.

सुरुवातीचा भाग थोडक्यात सांगते. महायुद्धासाठी 1941पासून विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांवर जीपा बनवल्या. युद्ध संपल्यावर त्यांतल्या कितीतरी आपल्याकडे डिस्पोजलमध्ये विकल्या गेल्या. स्वतंत्र भारताचा पहिला गाजलेला घोटाळाही जीपचाच. 1948 साली काश्मीरच्या लढाईसाठी लंडनमधले आपले उच्चायुक्त कृष्ण मेनन यांनी दुरुस्त केलेल्या 2000 जुन्या जीपांचा करार केला. आल्या 155, आणि त्याही लष्करानं नापास केल्या. त्याच सुमारास महिंद्र बंधूंच्या कंपनीनं मुंबईत माझगावला विलीजचे सुटे भाग आणून जीपा जुळवायला घेतल्या. पुढे गाडी इथेच बनू लागली आणि सीजे-3बी हे मॉडेल अमेरिकेत 1968 साली बंद झाल्यावरही आपल्याकडे चालू राहिलं.

हे चालू राहणं फार मोलाचं ठरलं. 1941च्या लष्करी जीपची पुढच्या-मागच्या चाकांतली लांबी 80 इंच, आणि सीजे-3बीचीही 80 इंच. ढाचा तोच राहिल्यामुळे एकाच गाडीवर दोन-दोन पिढ्यांचा हात बसला. 1952 साली समाजविकास योजना आली, 1962 साली जिल्हा परिषदा आल्या. गटविकास अधिकारी, आरोग्य केंद्र, पाटबंधारे अशा सगळ्यांच्या दारात जीप उभी राहिली. मग याच सरकारी जीपा लिलावात निघायच्या आणि सुटे भाग पुण्याच्या नाना पेठेत नाहीतर मुंबईला कुर्ल्यात मिळायचे. आमची गाडी अशाच एका लिलावातली.

सीजे-3बीचं बॉनेट उंच असतं. तिच्या हरिकेन इंजिनात हवा आत घेणारे व्हॉल्व्ह हेडमध्ये आणि धूर बाहेर टाकणारे ब्लॉकमध्ये असतात, त्यामुळे इंजिनाची उंची वाढली आणि बॉनेट वर उचलावं लागलं. ही वाढीव जागा डिझेलवाल्यांच्या पथ्यावर पडली. बसवायला इंजिन कोणतं? सिम्पसनचं पर्किन्स होतं. पुढे मॅटाडोरचं मर्सिडीज वळणाचं इंजिन आलं, तेही बसलं. आणि होतं ट्रॅक्टरचं. इंटरनॅशनल कंपनीच्या सहकार्यानं बी-275 ट्रॅक्टर 1960च्या दशकापासून आपल्याकडे बनत होता. त्याचं चार सिलिंडरचं इंजिन गावोगावच्या मेस्त्रीला पाठ होतं. पुढे महिंद्रनं त्याच जातीचं डिझेल कारखान्यातूनच जीपमध्ये घालून दिलं.

आता दुकानातलं काम. ट्रॅक्टरचं इंजिन आणि जीपचा टी-90 गिअरबॉक्स यांची तोंडं जुळत नाहीत, बोल्टांची भोकंही जुळत नाहीत. मधे ॲडॉप्टर प्लेट लागते. उद्यमनगरात तिचं लाकडी पॅटर्न बनायचं, बिडाचं ओतकाम व्हायचं आणि प्लेट लेथवर यायची. चार जबड्यांच्या चकमध्ये ती धरून अण्णा डायल गेज लावायचे आणि काटा हलायचा थांबेपर्यंत जबडे मागेपुढे करत बसायचे. गिअरबॉक्सच्या शाफ्टचं टोक फ्लायव्हीलच्या मधल्या बुशात फिरतं. हे दोन मध्य केसभर जरी सरकले, तरी आधी बुश खाल्लं जातं, मग गिअरबॉक्सचं पुढचं बेअरिंग आवाज करतं आणि शेवटी गाडी गिअर सोडायला लागते. वर्षभरानं परत आलेली गाडी अण्णा चालवून बघत नसत. क्लच दाबायला सांगून नुसतं ऐकायचे. "मध्य चुकलाय बघ पोरी," एवढंच म्हणायचे.

मग बाकीची कामं निघायची. नवं इंजिन जड, म्हणून पुढच्या कमानीत एक पाटा वाढवायचा. डिझेलच्या धक्क्यानं चासीच्या आडव्या पट्टीला चीर जाते, तिथे आतून पत्रा मारायचा. जुन्या गाडीची 6 व्होल्टची वायरिंग काढून 12 व्होल्टची घालायची, कारण डिझेल फिरवायला स्टार्टरला जोर लागतो. हे कोणत्या पुस्तकात नव्हतं. एका गाडीत पट्टी तडकली की पुढच्या गाडीत ती आधीच मजबूत व्हायची.

खरा गुंता मात्र मागच्या ॲक्सलच्या हौसिंगमध्ये, चाकं फिरवणाऱ्या दातेरी जोडीत होता. सीजे-3बीच्या क्राऊनला 43 दात आणि पिनियनला 8. म्हणजे चाकाच्या एका फेरीला प्रॉपेलर शाफ्टच्या 5.38 फेऱ्या. मिनिटाला 4000 फेऱ्या मारणाऱ्या पेट्रोल इंजिनाला ते ठीक होतं. ट्रॅक्टरचं इंजिन एवढं फिरत नाही. 2500 फेऱ्यांवर टॉप गिअरमध्ये ही जीप जेमतेम ताशी 63 किलोमीटर जाते. गाडीमालकाला हायवेवर पळायचं असायचं. मग मेस्त्री डिस्पोजलच्या लष्करी जीपची 39 आणि 8 दातांची जोडी शोधून घालायचे, तिचं गुणोत्तर 4.88.

पण बदलायच्या तर दोन्ही जोड्या बदलायला हव्यात, मागची आणि पुढची. पुढची जोडी उघडायची म्हणजे दुप्पट खर्च. पुष्कळांनी तो केला नाही. मागं 4.88 आणि पुढं 5.38 अशी गाडी फोर व्हीलमध्ये टाकली की मागची चाकं पुढच्यांपेक्षा दहा टक्के जास्त फिरायला बघतात. सगळा ताण शाफ्टच्या क्रॉसवर आणि ट्रान्सफर केसच्या दातांवर येतो. त्यावर उपाय काढला तोही साधा: पुढचा प्रॉपेलर शाफ्टच काढून गोठ्याच्या माळ्यावर टाकायचा. आमच्या भागातल्या किती जीपांची फोर व्हील अशी गेली याची मोजदाद नाही. मला याची आजही हळहळ वाटते. ज्या गुणासाठी ही गाडी जन्मली, तो गुण डांबरी रस्त्यावरच्या वेगासाठी उतरवून ठेवला गेला. त्या मालकांना मी नावं ठेवत नाही. त्यांना डिझेलचे पैसे वाचवायचे होते, आणि तालुक्याला जाणारा रस्ता तोवर डांबरी झाला होता.

1980च्या दशकात प्यूजोच्या डिझेलची एमएम-540 आली आणि हाताने इंजिन बदलण्याची गरज ओसरली. लांब चासीच्या कमांडरनं वडापचा धंदा उभा केला. त्यावर स्वतंत्र लिहायला हवं.

आता काळ उलटा फिरला आहे. इगतपुरीला महिंद्रनं ऑफरोड चालवायला शिकवणारं केंद्र काढलं, 2014पासून गोव्यात भर पावसात रेनफॉरेस्ट चॅलेंज भरते. जुन्या जीपा गोठ्यांतून बाहेर निघाल्या. मुलं त्यांना 31 इंची टायर घालतात. मूळच्या 6.00-16 टायरपेक्षा हे जवळपास नऊ टक्के उंच, म्हणजे 4.88ची जोडी आणखी ढिली पडते आणि चढावर क्लच जळायला लागतो. मग हीच मुलं 43 दातांची क्राऊन शोधत नाना पेठेत हिंडतात. एकेकाळी ती किलोच्या भावानं गेली होती.

मोठ्या टायरांबद्दल माझं मत ठाम आहे. पुढच्या ॲक्सलच्या दोन्ही टोकांना बंद गोळा असतो. आत जोड आणि ग्रीस, बाहेर नमद्याचं सील, वर-खाली किंगपिनची बेअरिंगं. त्यांचा ताण पातळ शिमांनी जुळवतात आणि सील काढून ठेवून, स्टिअरिंगच्या दांड्याला स्प्रिंगकाटा अडकवून, हळू ओढून तपासतात. बाहेर निघालेल्या रुंद डिस्कवर जड टायर लावलं की तरफेचा सगळा भार या लहान बेअरिंगांवर जातो आणि स्टिअरिंग थरथरायला लागतं. मूळ मापाचे, चांगल्या नक्षीचे टायर, घट्ट किंगपिन, दोन्हीकडे सारखी क्राऊन-पिनियन आणि परत जोडलेला पुढचा शाफ्ट एवढ्यावर ही जीप राधानगरीकडच्या कुठल्याही बैलगाडीवाटेनं जाते. मात्र वाट असेल तिथूनच. मसाई पठारासारख्या सड्यांवर पाऊसकाळात गाड्या फिरवणाऱ्यांचा मला राग येतो. कातळावरची तिथली माती बोटभर जाडीची असते आणि चाकाची चाकोरी पडली की फुलांची जागा कायमची जाते.

जुनी जीप घ्यायला निघालेल्या मुलांना मी सौद्याआधी एक तपासणी करायला लावते. ट्रान्सफर केस न्यूट्रलला टाकायचा, मागची बाजू जॅकवर घ्यायची, एक चाक घट्ट धरून दुसरं बरोबर दोन फेऱ्या फिरवायचं आणि प्रॉपेलर शाफ्टवर खडूची खूण करून त्याच्या फेऱ्या मोजायच्या. मग पुढं हब लॉक करून तेच करायचं. पुढं-मागं आकडा सारखा आला, तर फोर व्हील वापरता येईल. वेगळा आला, तर एका ॲक्सलचं काम किमतीतून वजा करायचं. त्यानंतर आरसी बुक मागायचं आणि ब्लॉकवरचा इंजिन नंबर चिंधीनं पुसून त्याच्याशी ताडून बघायचा. इंजिन बदलायला मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे आरटीओची परवानगी लागते, आणि कंपनीच्या मूळ नोंदीबाहेरचे फेरफार चालणार नाहीत असं सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 2019मध्ये सांगितलं आहे. अण्णा इंजिन बसवून झाल्यावर नंबराचा कागदावर पेन्सिलनं छाप काढून मालकाच्या हाती द्यायचे आणि आरटीओत नोंद करून या म्हणायचे. ज्यांनी ती तेव्हा केली, त्यांच्या नातवंडांच्या गाड्या आज विनातक्रार पासिंग होतात.