सिसिलीची सरोवरे : विहार आणि तहान

बेट म्हटले की डोळ्यांसमोर उभे राहते ते चहूबाजूंचे पाणी. बेटाच्या पोटातील पाण्याकडे लक्ष जाते ते फार उशिरा. भूमध्य समुद्रातील सर्वांत मोठे बेट असलेल्या सिसिलीचा नकाशा आम्ही प्रथम बारकाईने पाहिला, तेव्हा त्यावर जागोजाग निळे ठिपके दिसले आणि प्रत्येकापुढे 'लागो' म्हणजे सरोवर असा शब्द आढळला. आज या सरोवरांच्या काठी लोक फिरावयास जातात, गळ टाकून बसतात, होड्या वल्हवतात. ईस्टरनंतरच्या सोमवारी तर शिदोरी घेऊन घराबाहेर पडणे हा तेथील कुळाचारच आहे. परंतु थोडे खोलात गेल्यावर ध्यानी येते की या ठिप्यांपैकी नैसर्गिक सरोवरे बोटांवर मोजण्याइतकीच आहेत. बाकीची सारी माणसाने, तीही बहुतांशी विसाव्या शतकात, बांध घालून निर्माण केलेली आहेत. आज जे विहाराचे स्थळ आहे ते काल कोणाच्या तरी तहानेचे उत्तर होते. या उत्तराचा इतिहास वाचकांपुढे ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

सिसिलीचे हवामान आपल्याकडील ऋतुचक्राच्या नेमके उलट चालते. पाऊस पडतो तो हिवाळ्यात. उन्हाळा जवळजवळ कोरडा जातो. नद्या आखूड आणि उताराच्या असल्याने पावसाळी लोंढा पाहता पाहता समुद्राला मिळतो आणि पिकाला पाण्याची गरज भासते त्या वेळी पात्रात केवळ गोटे उरतात. म्हणून पाणी साठविणे ही तेथे जगण्याची पूर्वअट आहे. इ. स. ८२७ मध्ये अरबांनी बेटावर स्वारी केली आणि पुढील सुमारे दोन शतकांत त्यांनी तेथे बागायतीची नवी विद्या रुजविली. सिसिलियन बोलीत पाण्याच्या हौदाला 'जेब्बिया' आणि पाटाला 'साइआ' म्हणतात. हे दोन्ही शब्द अरबीतून आले आहेत. आपला 'हौद' हाही मूळचा अरबीच. राज्ये गेली, धर्म बदलले, पण पाणी साठविणाऱ्याने दिलेला शब्द लोकांच्या तोंडी टिकला, ही गोष्ट आम्हांस फार बोलकी वाटते.

नैसर्गिक सरोवरांत सर्वांत ख्यातनाम ते एन्ना नगराजवळचे पेर्गुसा. याला येऊन मिळणारी नदी नाही आणि यातून निघणारीही नाही. पाऊस आणि भूजल यांवरच त्याचे अस्तित्व आहे. रोमन कवी ओव्हिड याने प्रोसर्पिनाच्या हरणाची कथा याच सरोवराकाठी घडविली. फुले वेचणाऱ्या कन्येला पाताळाचा राजा रथातून पळवून नेतो, धान्याची देवता असलेली तिची माता रानोमाळ शोध घेते आणि अखेर कन्येने वर्षाचा काही काळ पाताळात व काही काळ पृथ्वीवर घालवावा असा निवाडा होतो. अशा या पुराणप्रसिद्ध काठावरून विसाव्या शतकाच्या मध्यास मोटारींच्या शर्यतीचा मार्ग बांधण्यात आला. जवळजवळ पाच किलोमीटर लांबीच्या या मार्गाने सरोवराला कडे घातले. १९६२ ते १९६५ या काळात तेथे भूमध्यसागरी ग्रां प्री भरत असे व हजारो प्रेक्षक जमत. १९९५ मध्ये याच सरोवराला संरक्षित निसर्गक्षेत्राचा दर्जा मिळाला. एकाच पाण्याला देवकथा, करमणूक आणि संरक्षण असे तीन वेढे पडले. भोवतालच्या विहिरींचा उपसा मात्र चालूच राहिला आणि पाणी ओसरत गेले.

मानवनिर्मित सरोवरांपैकी जुन्यांतले एक पालेर्मोच्या दक्षिणेस, पियाना देल्यी अल्बानेसी या गावी आहे. ऑटोमन आक्रमणापुढे आपला देश सोडून आलेल्या अल्बानियन लोकांनी १४८८ मध्ये हे गाव वसविले. पाच शतकांनंतरही तेथे अल्बानियन बोली आणि पौर्वात्य ख्रिस्ती उपासनापद्धती जिवंत आहेत. मुख्य प्रदेशापासून दूर राहून पिढ्यानपिढ्या मातृभाषा सांभाळणाऱ्या आपल्यासारख्यांना या गावाविषयी आपलेपणा वाटल्यावाचून राहत नाही. १९२३ मध्ये बेलिचे नदीच्या एका शाखेवर बांध पूर्ण झाला आणि गावाखालील खोऱ्यात वीजनिर्मितीसाठी जलाशय साकारला.

या गावाजवळच पोर्तेल्ला देल्ला जिनेस्त्रा नावाची खिंड आहे. १ मे १९४७ रोजी आसपासच्या गावांतील शेतकरी बायकामुलांसह, खाण्यापिण्याचे सामान घेऊन कामगारदिन साजरा करण्यास तेथे जमले होते. काही दिवसांपूर्वीच प्रादेशिक निवडणुकीत डाव्या पक्षांच्या आघाडीने यश मिळविले होते, त्याचाही आनंद होता. डोंगरावर दबा धरून बसलेल्या साल्व्हातोरे जुलियानो याच्या टोळीने या जमावावर गोळीबार केला. अकरा जण ठार झाले, अनेक जखमी झाले. माळावर एक दिवस निवांत घालविणे, मुलांना मोकळेपणी खेळू देणे, हा भूमिहीनांच्या दृष्टीने हक्क होता आणि तो बजावण्याची अशी किंमत त्यांना द्यावी लागली. सहल हा शब्द आपण सहज वापरतो. त्या खिंडीत तो सहज उच्चारता येत नाही.

युद्धोत्तर काळात १९५० हे वर्ष महत्त्वाचे ठरले. त्या वर्षी दक्षिण इटलीच्या विकासासाठी सरकारी निधीची स्थापना झाली आणि सिसिलीत जमीनसुधारणेचा कायदाही झाला. पण तुकडाभर कोरडी जमीन हाती येऊन भागत नव्हते. पश्चिम सिसिलीत विहिरी आणि पाटांवर माफियाची पकड होती. पाणी कोणाला, किती आणि कोणत्या भावाने मिळावे हे त्यांचे हस्तक ठरवीत. अशा परिस्थितीत १९५२ मध्ये दानिलो दोल्ची हा सत्तावीस वर्षांचा तरुण उत्तरेकडून त्रापेत्तो या कोळ्यांच्या गावी येऊन राहिला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये एक बालक उपासमारीने दगावले, तेव्हा दोल्चीने त्याच बालकाच्या बिछान्यावर पडून उपोषण आरंभिले. फेब्रुवारी १९५६ मध्ये त्याने पार्तिनिको येथे बेकारांना घेऊन 'उलटा संप' केला. काम नाकारण्याऐवजी त्यांनी मोडलेला सार्वजनिक रस्ता विनामोबदला दुरुस्त करावयास घेतला. पोलिसांनी त्यांना अटक केली. खटल्यात नामवंत विधिज्ञ पिएरो कालामांद्रेई यांनी बचावाचे भाषण केले, तरी शिक्षा झालीच.

दोल्चीची पद्धत प्रश्न विचारण्याची होती. लोकांना एकत्र बसवून तो विचारी की, आपले जीवन बदलावयाचे तर काय हवे? अशाच एका बैठकीत एका शेतकऱ्याने हिवाळ्यातील पाणी अडविण्यासाठी मोठ्या भांड्याची कल्पना मांडली. त्यातून यातो नदीवरील धरणाची मागणी पुढे आली. सप्टेंबर १९६२ मध्ये दोल्चीने यासाठी पुन्हा उपोषण केले, १९६३ मध्ये काम सुरू झाले आणि त्या दशकाच्या अखेरीपर्यंत धरण उभे राहिले. पोमा नावाने ओळखल्या जाणाऱ्या या जलाशयाची क्षमता सुमारे सात कोटी घनमीटर आहे. त्याहून मोठी गोष्ट अशी की, या पाण्याचे वाटप शेतकऱ्यांच्या सामुदायिक संस्थेकडे यावे यासाठीही लढा झाला. पाटाच्या तोंडाशी उभा राहणारा दलाल हटल्याखेरीज धरणाला अर्थ नाही, हे त्यांनी ओळखले होते. दोल्चीला 'सिसिलीचा गांधी' म्हणत. १९८९ मध्ये त्याला गांधीविचाराच्या प्रसारासाठीचा जमनालाल बजाज पुरस्कार देण्यात आला आणि वर्ध्याशी निगडित असलेल्या एका नावाशी यातोच्या खोऱ्याचे नाते जुळले.

धरणे काही देतात, तसे काही गिळतातही. साम्बुका गावाजवळचा आरांचो जलाशय जलक्रीडांसाठी प्रसिद्ध आहे. पाण्यावरून घसरत जाण्याच्या स्पर्धा तेथे होतात. पण त्याच पाण्यात माझ्झाल्लाक्कार नावाचा अरबी वळणाचा जुना गढीवजा किल्ला आहे. पातळी चढली की तो बुडतो, उतरली की त्याचे बुरूज वर येतात. काक्कामो येथील रोझामारिना जलाशयाने चौदाव्या शतकातील एक देखणा कमानी पूल पोटात घेतला आहे. तोही पाणी आटल्यावर दिसतो. ज्या वर्षी असे अवशेष पाहावयास मिळतात ते वर्ष शेतकऱ्याला वाईट असते. प्रेक्षकाचे सुख आणि शेतकऱ्याचे दुःख तेथे एकाच पातळीवर मोजले जाते.

२०२४ साली हे सारे अवशेष फार दिवस उघडे राहिले. त्या वर्षी मे महिन्यात इटलीच्या सरकारने सिसिलीत दुष्काळी आणीबाणी जाहीर केली. पेर्गुसा उन्हाळ्यात डबक्याएवढे उरले. ऑक्टोबरपासून पालेर्मो शहरातही पाळीपाळीने पाणी सुटू लागले. नेब्रोदी पर्वतातील आंचिपा हे १९५० च्या दशकातील धरण. त्याच्या भोवती बीच वृक्षांची राने असून पदभ्रमण करणाऱ्यांची तेथे वर्दळ असते. त्याचा साठा तळाशी गेला, तेव्हा नोव्हेंबरअखेरीस जवळच्या ट्रोइना गावच्या लोकांनी दूरच्या नगरांकडे जाणारे पाणी अडविले. तहान लागली की शेजारधर्म सर्वांत आधी आटतो. निसर्गाला सारा दोष देऊनही चालणार नाही. इटलीच्या राष्ट्रीय सांख्यिकी संस्थेच्या २०२२ च्या आकड्यांनुसार सिसिलीच्या नळयोजनांतील निम्म्याहून अधिक पाणी घरापर्यंत पोचण्यापूर्वीच नाहीसे होत होते. अनेक जलाशय गाळाने उथळ झाले आहेत, ते वेगळेच.

मग अशा काठांवर विहारास जावे की न जावे? आमच्या मते अवश्य जावे. जे पाणी लोकांच्या नजरेत असते त्याची चोरी अवघड होते. काठावर येणाऱ्याला पातळी उतरलेली दिसते, गाळ दिसतो, किनाऱ्यावरील पांढरा पट्टा दरवर्षी रुंदावताना दिसतो. निव्वळ निळा रंग पाहून परतणारा प्रवासी आणि तो रंग कोणाच्या श्रमाने, कोणाच्या उपोषणाने तेथे आला हे जाणणारा प्रवासी, यांच्यात अंतर आहे. प्रोसर्पिना वर्षाचा काही काळ पाताळात राहते आणि परत येते, असा त्या बेटाचा जुना विश्वास. पाण्याचेही तसेच होते. मात्र ते परत यावे यासाठी वर कोणीतरी भांडे धरून उभे असावे लागते. यातोच्या त्या शेतकऱ्याला हे कळले होते.